मारिया मॉन्टेसरी आणि दिवसभराची शाळा

भगिनींनो, बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलले की भांडीकुंडी चार दिवसांत लागतात. पण तीन-चार वर्षांच्या मुलाची सोय काही चार दिवसांत लागत नाही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी लेकीसुना आज नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीपायी परप्रांतात राहतात. तिथे हाताशी ना आजी असते, ना शेजारची काकू. मग मूल तीन तासांच्या शाळेत घालावे की दिवसभराच्या, असा प्रश्न पडतो. तीन तासांची घेतली तर पुढचा दिवस कोण सांभाळणार? दिवसभराची घेतली तर एवढेसे पोर कोमेजून जाईल का?

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी इटली देशात एका बाईंच्या पुढे तो उभा राहिला होता. त्यांचे नाव मारिया मॉन्टेसरी. आपण ज्याला सरसकट मॉन्टेसरी म्हणतो, ते नाव ह्यांचेच. त्यांचे चरित्र आपण बायकांनी जाणून घ्यावे असे मला वाटते.

मारियाबाईंचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी क्यारावाले ह्या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकर, म्हणजे त्यांच्याही घरी बदल्या आल्याच. आधी फ्लॉरेन्सला आणि मग 1875 साली रोमला बिऱ्हाड गेले. तेव्हा मारिया जेमतेम पाच वर्षांची होती. आई वाचनाची आवड असलेली होती. मुलीने शिकावे ह्यासाठी ती भक्कमपणे पाठीशी उभी राहिली. त्या काळी मुलीने शिकून फार तर मास्तरीण व्हावे अशी समजूत होती. ह्या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर प्रेताची चिरफाड करणे बाईमाणसाला शोभत नाही म्हणून तिला ते काम सगळे गेल्यावर एकटीने करावे लागे. तरीही 1896 साली ती डॉक्टर झाली.

पुढे त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मतिमंद मुले पाहिली. त्या मुलांच्या हाताला काही काम नव्हते, डोळ्यांपुढे काही वस्तू नव्हती. त्यांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे असे बाईंना वाटले. इतार आणि सेगँ ह्या दोन फ्रेंच डॉक्टरांची पुस्तके त्यांनी बारकाईने अभ्यासली आणि मुलांसाठी हाताने हाताळायची साधने तयार केली. ह्या मुलांची प्रगती पाहून, धडधाकट मुलांना हीच रीत लावली तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

ह्याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख आले. 1898 साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. त्याचे वडील त्यांच्याबरोबर काम करणारे डॉक्टर होते, पण दोघांचे लग्न झाले नाही. त्या काळी अशा बाईला समाजात आणि नोकरीत उभे राहायला जागा नव्हती. मूल खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवावे लागले. आई अधूनमधून भेटायला जाई, पण आपण आई आहोत हे सांगू शकत नसे. नाव ठेवणे सोपे असते. ज्या बाईला काम आणि मूल ह्यांतून एकाची निवड करावी लागली, तिच्या जिवाला काय यातना झाल्या असतील हे आपल्याला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट सांगते. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. पोटासाठी गाव सोडून शहरात आलेली कुटुंबे तिथे दाटीवाटीने राहत. एका कंपनीने तिथल्या इमारती दुरुस्त करून बिऱ्हाडे बसवली. आईबाप सकाळी कामावर जात आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करत. भिंतींच्या डागडुजीचा खर्च करण्यापेक्षा मुले सांभाळायची सोय केलेली बरी, असा हिशेब मालकांनी केला आणि ते काम मारियाबाईंकडे सोपवले. 6 जानेवारी 1907 रोजी तिथे पहिले बालगृह उघडले. पन्नासएक मुले होती. पहिल्या दिवशी ती बिचकलेली आणि रडवेली होती. सहा महिन्यांत तीच मुले एकाग्र होऊन काम करू लागली, आपले हात आपण धुऊ लागली, आपल्या वस्तू जागच्या जागी ठेवू लागली.

ही शाळा तीन तासांची ठेवून चालणारच नव्हते. आई संध्याकाळी घरी येणार, तर दुपारी सुटलेले मूल पुन्हा जिन्यावरच जाणार. म्हणून मारियाबाईंनी पूर्ण दिवसाचे वेळापत्रक मांडले, सकाळी 9 ते दुपारी 4. ते नीट पाहण्यासारखे आहे. पहिला तास नमस्कार-चमत्काराचा, अंगाची स्वच्छता पाहण्याचा, एकमेकांना एप्रन घालायला मदत करण्याचा आणि गप्पांचा. 10 ते 11 धडे आणि साधनांचे काम, तेही मध्येमध्ये विसावा घेऊन. मग अर्धा तास साधा व्यायाम, अर्धा तास जेवण. 12 ते 1 मुलांनी आपल्या मनाने खेळायचे. 1 ते 2 बाईंनी घेतलेले खेळ, शक्यतो उघड्यावर, आणि मोठ्या मुलांनी पाळीपाळीने झाडपूस करायची. 2 ते 3 मातीकाम आणि चित्रे. शेवटच्या तासात गाणी, कवायत आणि झाडांची व पाळीव प्राण्यांची देखभाल. अगदी लहानग्यांना दुपारची झोप हवी, असाही त्यांचा आग्रह होता.

भगिनींनो, मोजून पाहा. सात तासांच्या ह्या दिवसात धड्यांना दिलेला तास एकच आहे. बाकी सगळे घरच आहे. दिवसभराची शाळा म्हणजे दुप्पट अभ्यास, हा आपला समज मारियाबाईंच्या शाळेने तेव्हाच खोटा ठरवला होता. त्यांच्या पद्धतीच्या चांगल्या शाळांत आजही सकाळी सलग तीन तास मुलाला आपल्या आवडीच्या कामात राहू देतात. म्हणजे हाताचे आणि बुद्धीचे काम अर्ध्या दिवसात होते. उरलेला अर्धा दिवस जेवणाचा, झोपेचा, खेळाचा आणि मायेचा. तो घरी मिळत असेल तर घरी, नसेल तर शाळेने द्यायचा.

त्या बालगृहाचे नियमही शिकण्यासारखे होते. फी नव्हती. पण मूल वेळेवर आणि स्वच्छ करून पाठवायचे. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहायचे, म्हणजे ती परकी वाटत नाही. आईने आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी मुलाबद्दल बोलायचे. आणि आईला वाटेल तेव्हा येऊन आपले मूल काय करते आहे ते पाहायची मोकळीक होती. श्रीमंतांच्या घरी दाई असते, मोलकरीण असते. कष्टकरी आईला तोच निर्धास्तपणा का मिळू नये, असा मारियाबाईंचा विचार होता.

1909 साली त्यांचे पुस्तक निघाले आणि देशोदेशी त्यांची पद्धत पोहोचली. 1912 साली त्यांची आई वारली. पुढच्या वर्षी मारिओ त्यांच्याकडे राहायला आला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे तो त्यांच्या कामाचा उजवा हात झाला. तरी लोकांत त्याची ओळख कितीतरी वर्षे मुलगा म्हणून करून देता आली नाही. मुसोलिनीच्या राज्याशी पटेना म्हणून 1934 साली त्यांनी इटली सोडली. स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर 1936 साली तेही सोडून त्या हॉलंडला गेल्या. बिऱ्हाड हलवण्याचे दुःख त्यांना उतारवयातही चुकले नाही.

1939 साली, एकोणसत्तर वर्षांच्या असताना, त्या मारिओला घेऊन मद्रासजवळ अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला स्थानबद्ध केले. मारियाबाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याला सोडल्याची तार आली. त्या तारेत मारिओचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केलेला होता. आयुष्यभर जे उघडपणे सांगता आले नाही, ते परक्या सरकारच्या कागदाने सांगितले. युद्ध संपेपर्यंत त्या इथेच राहिल्या आणि आपल्याकडच्या शेकडो शिक्षकांना त्यांनी शिकवले. 6 मे 1952 रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा विचार त्या येण्याआधीच आपल्याकडे रुजला होता. गिजुभाई बधेका भावनगरला बालमंदिर चालवत होते. 1923 साली आपल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले आणि 1945 साली त्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी गेल्या. पुढे कोसबाडच्या आदिवासींत अनुताई वाघांसह त्यांनी काम केले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नाही, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. मुलाच्या घरची अडचण आधी पाहायची आणि तास मागाहून ठरवायचे, हीच ती सान लोरेन्झोची रीत.

म्हणून नव्या गावी गेलेल्या लेकीसुनेला एवढेच सांगावेसे वाटते. दुपारी घरी प्रेमाने बघणारे माणूस असेल तर अर्धा दिवस पुरेसा आहे. मूल मागे पडेल ही धास्ती नको. आणि तसे कोणी नसेल तर दिवसभराची शाळा निवडताना मनाला खाऊ नका. फक्त नाव घालण्यापूर्वी दुपारी दोन वाजता तिथे जाऊन या. मुले झोपली आहेत का, मातीत खेळत आहेत का, की पुन्हा पाटीवर अक्षरे गिरवत बसली आहेत, ते पाहा. आणि आईला मधल्या वेळी आत येऊ देतात का, हेही विचारा. नकार मिळाला तर दुसरी शाळा शोधा.