सायकलला गियर किती हवेत? आधी वेलोसिओची गोष्ट वाचा

बारामती किंवा इंदापुरात माउंटन बाइक घ्यायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, गियर किती, 21 की 24? आकडा मोठा तितकी सायकल भारी, असा आपला समज. पण खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो शंभरेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने जगापुढे मांडला होता.

कोण होता हा माणूस?

पॉल द व्हिव्हीचा जन्म 1853 चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न गावचा. पुढे तो सेंट-एतिएन शहरात रेशमाचा व्यापार करू लागला. तिशीच्या आसपास सायकलचा नाद लागला आणि 1887 मध्ये धंदा सोडून त्याने सायकलचं दुकान थाटलं. त्याच वर्षी सायकलवरचं मासिकही काढलं. त्यात तो वेलोसिओ या नावाने लिहायचा. तेच नाव पुढे प्रसिद्ध झालं.

घाटाने शिकवलेला धडा

सेंट-एतिएनजवळ 1161 मीटर उंचीचा एक घाट आहे. वेलोसिओ तिथे दमछाक करत चढत असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक आरामात पाइप ओढत त्याच्या पुढे निघून गेला, असं सांगतात. वेलोसिओच्या सायकलला तेव्हा एकच गियर होता. तो सपाटीला बरा, चढाला जड.

त्यावर त्याने पुढे लहान-मोठी दोन चेनव्हील बसवली. चढ आला की खाली उतरायचं, चेन हाताने उचलून लहान चाकावर घालायची आणि पुन्हा निघायचं. पुढची अनेक वर्षं तो चालत्या सायकलवर गियर बदलण्याच्या खटपटीत होता. डिरेलर आज घरोघरी पोचला, त्यामागे त्याचाही मोठा हात आहे.

टिंगल आणि उत्तर

टूर द फ्रान्स सुरू करणारे हेन्री देग्रांज यांना गियर मान्य नव्हते. त्यांच्या मते गियर 45 वर्षं ओलांडलेल्यांसाठी. खऱ्या गड्याने पायाच्या जोरावर जिंकावं. 1902 च्या एका चाचणीत मार्थ हेस ही महिला तीन गियरची सायकल घेऊन डोंगराळ रस्त्यावर एका नावाजलेल्या पुरुष सायकलपटूला भारी पडली, तरी मत बदललं नाही. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. वेलोसिओ ते पाहायला नव्हता. 1930 मध्ये ट्रामच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला होता. त्या घाटावर आज त्याचं स्मारक आहे.

मग आपण काय बघायचं?

गियर मोजू नका, दाते मोजा. पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांना मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांनी भागा. उत्तर जितकं लहान, तितका चढ हलका.

• 21 गियरची साधी सायकल: पुढे सर्वांत लहान 24, मागे सर्वांत मोठं 28. उत्तर 0.86.
• 12 गियरची सायकल: पुढे एकच 32, मागे 50. उत्तर 0.64.

म्हणजे गियर कमी असूनही दुसरी सायकल चढाला सोपी!

बारामती–इंदापूर भाग बहुतेक सपाट. कालव्याकडेचा रस्ता, उसाचे फड, उजनीचं पाणी आणि समोरून येणारा वारा. इथेच फिरणार असाल तर पहिली सायकल पुरते; वाऱ्यात मधले गियरच जास्त लागतात. पण रविवारी भुलेश्वर किंवा दिवे घाट चढायचा बेत असेल तर 0.7 च्या खालचं उत्तर शोधा.

आणि हलका गियर टाकायला लाजू नका. सायकल हातात धरून घाट चढण्यापेक्षा हळूहळू पायडल मारत वर पोचलेलं बरं. वेलोसिओने आयुष्यभर एवढंच तर सांगितलं.