न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आमच्यापैकी पुष्कळांनी मुंबईत किंवा कोकणात मराठी शाळेत रामशास्त्र्यांचा धडा वाचला आहे. काहींनी प्रभातचा १९४४ सालचा बोलपटही पाहिला असेल. पण इथे वाढलेल्या आमच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही, म्हणून ही हकीगत देत आहोत.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. वडील लवकर वारले. साताऱ्यास अनगळ सावकारांकडे ते चाकरीला होते आणि मोठे होईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती, असे सांगतात. मालकाचा एक टोमणा जिव्हारी लागला, तेव्हा त्यांनी काशी गाठली आणि विद्वान होऊनच परतले. १७५१ साली ते पेशव्यांच्या पदरी राहिले व १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा राज्य करायचे नसेल तर आपण दोघेही काशीला जाऊ, असे शास्त्रीबोवांनी त्यांना सुनावले. माधवरावांनी ते मानले. धनी समजूतदार होता, म्हणून हे निभले. खरी कसोटी पुढे लागली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना ठार मारले. गादीवर चुलते राघोबादादा बसले. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. ती खरी असो वा नसो, शास्त्रीबोवांनी चौकशी केली तेव्हा दोष राघोबांपर्यंत पोचला. ज्याच्या सत्तेने न्यायासन चालायचे, तोच गुन्हेगार! शास्त्रीबोवांच्या हाती ना फौज, ना किल्ला. या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी राघोबांना तोंडावर सांगितले, पद सोडले आणि पुण्याबाहेर पडले.

धड्यात पुढचे नसते, ते सांगितले पाहिजे. कटातल्या काही लहान माणसांना पकडून ठार केले गेले. राघोबांना ती शिक्षा कधीच झाली नाही. बारभाईंनी त्यांना गादीवरून दूर केले, तेव्हा ते इंग्रजांकडे गेले. १७७५ साली सुरतेच्या तहात साष्टी व वसई देऊ केली आणि मराठ्यांवर लढाई ओढवून घेतली. १७८३ साली ते वारले.

शास्त्रीबोवांना नाना फडणविसांनी १७७७ साली सन्मानाने परत बोलावले. १७८९ साली त्यांचे निधन झाले. घरात एका दिवसापुरतेच धान्य ठेवावे, असा त्यांचा नेम होता म्हणतात.