बालशिक्षणाच्या माता कै. ताराबाई मोडक

धाकावाचून मूल मार्गावर येत नाही, असा समज आपल्या बसवकल्याणच्या घरांतून अद्यापही आढळतो. या समजाशी आजन्म झुंजलेल्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१८९२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शिक्षा व बक्षीस दोन्ही त्यांनी वर्ज्य मानली; कारण भीतीने मूल गप्प बसते, लोभाने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते आणि उभयपक्षी त्याचा स्वतःचा विचार खुंटतो.

१९४५ साली बोर्डीस त्यांनी बालवाडी काढली. गरीब वस्तीतील मुले येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. १९६२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

देवदर्शनास आलेले मूल घंटा का वाजवितात, तीर्थ का देतात असे विचारते, तेव्हा मातापित्यांनी त्यास दटावू नये, दोन शब्दांत समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती. प्रश्न दडपला की जिज्ञासाही मावळते.