सभापती वि. स. पागे आणि माझी आजी

राजकारणातील माणसांविषयी आमच्या खेड्यात फारसे बरे बोलले जात नाही. माझेही मत निराळे नव्हते. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला रोजगार हमी योजनेचा विषय निघाला आणि विठ्ठल सखाराम पागे हे नाव मी प्रथमच ऐकले. योजना मात्र माझ्या ओळखीची होती, कारण माझी आजी तरुणपणी त्या कामावर जात असे. ही गोष्ट मी वर्गात कोणाला कळू दिली नाही. मला तिची लाज वाटत होती. पागे यांचे चरित्र वाचले आणि ती लाज गेली. म्हणून हा लेख.

पागे यांचा जन्म १९१० साली सांगली जिल्ह्यात झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगवासही भोगला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे १८ वर्षे, त्यांनी ते पद भूषविले. सभापतींनी निःपक्षपातीपणे सभागृह चालवायचे असते. वादविवादात पडायचे नसते. अशा आसनावर बसूनही पागे यांचे लक्ष भूमिहीन मजुराकडे होते.

दुष्काळ पडला की सरकारने कामे काढायची आणि पाऊस पडला की ती बंद करायची, अशी पूर्वीची रीत होती. पण ज्याला शेतच नाही, त्याची उपासमार पावसाने कशी संपणार? जो काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, हा विचार पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर भागात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडू लागली, तेव्हा या विचाराची निकड साऱ्या राज्याला पटली. योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातील पगारदाराच्या खिशातून खेड्यातील मजुराची मजुरी निघू लागली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता! तोवर पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले होते.

आमचे गाव मेहकर तालुक्यात आहे. १९८० नंतर आमच्या शिवाराजवळ पाझर तलावाचे काम निघाले. आजी तेथे मातीची टोपली वाहायची. माझे वडील तेव्हा तान्हे होते. त्यांची झोळी बाभळीला बांधलेली असायची. मजुरी कधी कधी उशिरा मिळे आणि हजेरीवरून कटकटीही होत. शिवाय तलावामुळे पाणी चढले ते ज्यांची शेती होती त्यांच्या विहिरींना. आमच्याकडे ना शेत, ना विहीर. योजनेतील ही उणीव डोळ्याआड करणे मला बरोबर वाटत नाही. तरीही आजी सांगते की, त्या दिवसांत तिला कामासाठी कोणाच्या वाड्यासमोर जाऊन उभे राहावे लागले नाही. त्याच मजुरीतून वडील शाळेत गेले आणि आज मी या महाविद्यालयात आहे.

१९९० साली पागे यांचे निधन झाले. पुढे २००५ साली केंद्र सरकारने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव साऱ्या देशाच्या कामी आला.

दिवाळीच्या सुटीत मी आजीला पागे यांच्याविषयी सांगितले. सभापती म्हणजे काय, हे तिला समजावताना माझी बरीच तारांबळ उडाली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. माणूस चांगला होता, पण पगार वेळेवर करायचेही त्याने कागदावर लिहायला हवे होते, असे ती म्हणाली. मग मला घेऊन ती तलावाच्या पाळीवर गेली आणि आपल्या टोळीने भर घातलेली जागा तिने बोटाने दाखविली. त्या पाळीवर कोणाच्याही नावाची पाटी नाही. पागे यांना माझे अभिवादन मी तेथेच उभे राहून केले.