आंद्रेआस ग्रुंट्झिग
आंद्रेआस रोलांड ग्रुंट्झिग (२५ जून, १९३९:ड्रेस्डेन, जर्मनी - २७ ऑक्टोबर, १९८५:फोरसिथ, जॉर्जिया, अमेरिका) हे जर्मन हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या अरुंद धमन्या छाती न उघडता फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्याची अँजिओप्लास्टी ही पद्धत त्यांनी विकसित केली.

बालपण आणि शिक्षण

ग्रुंट्झिग यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झाले. १९५०मध्ये हे कुटुंब काही काळ ब्वेनोस आइरेसला गेले व नंतर पूर्व जर्मनीतील लाइपझिग येथे परतले. तेथील टोमास शाळेत शिक्षण पूर्ण केल्यावर ग्रुंट्झिग पश्चिम जर्मनीत गेले आणि १९६४मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून वैद्यकीय पदवीधर झाले. १९६९पासून त्यांनी स्वित्झर्लंडमधील झ्युरिक विद्यापीठाच्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या विकारांवर काम सुरू केले.

फुग्याच्या नळीचा शोध

अमेरिकन डॉक्टर चार्ल्स डॉटर यांनी १९६४मध्ये पायाची अरुंद धमनी शस्त्रक्रियेविना मोकळी केली होती. त्यासाठी एकापेक्षा एक जाड नळ्या धमनीत सरकवाव्या लागत. नळी जितकी जाड, तितके प्रवेशाचे छिद्र मोठे होई; त्यामुळे हृदयाच्या बारीक धमन्यांसाठी ही रीत उपयोगी नव्हती. बारीक नळीच्या टोकाशी फुगा बसवून तो योग्य जागी फुगवावा, असा ग्रुंट्झिग यांचा विचार होता. मात्र रबरासारखा मऊ फुगा अडथळ्यापाशी दबून दोन्ही बाजूंना फुगतो. ठरावीक व्यासापलीकडे न ताणला जाणारा फुगा त्यांना हवा होता. रसायनशास्त्रज्ञ हाइनरिक होप्फ यांच्या सल्ल्याने त्यांनी पीव्हीसी हे प्लॅस्टिक निवडले. पत्नी मिखाएला आणि सहायिका मारिया श्लुम्फ यांच्या मदतीने घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांनी अशा नळ्या तयार केल्या. १९७४मध्ये पायाच्या धमनीवर फुग्याचा पहिला यशस्वी वापर झाला.

हृदयावरील पहिला उपचार

कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष ग्रुंट्झिग यांनी १९७६मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात मांडले, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी शंका व्यक्त केली. १६ सप्टेंबर, १९७७ रोजी झ्युरिक येथे त्यांनी एका जाग्या रुग्णाच्या हृदयधमनीत प्रथमच फुगा फुगवला. रुग्ण त्यांच्याच वयाचा, म्हणजे ३८ वर्षांचा होता. धमनी बंद पडल्यास तातडीने बायपास करता यावी म्हणून शल्यचिकित्सक तयार होते. परंतु तशी गरज पडली नाही.

१९७९मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३२ रुग्णांमध्ये धमनी रुंद करता आली, तर ५ रुग्णांवर तातडीची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. यशाबरोबर हे अपयशही त्यांनी नोंदवले. १९७८पासून त्यांनी इतर डॉक्टरांसाठी प्रत्यक्ष उपचार पडद्यावर दाखवणारे प्रशिक्षणवर्ग घेतले. १९८०मध्ये ते अटलांटातील एमरी विद्यापीठात रुजू झाले.

मर्यादा आणि पुढील विकास

ग्रुंट्झिग यांच्या पद्धतीत नळी अडथळ्यातून पलीकडे जाणे आवश्यक होते. त्यामुळे तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्णपणे बंद असलेल्या धमन्या तिच्या आवाक्याबाहेर राहिल्या. अशा अडथळ्याचे तोंड तंतुमय आणि बरेचदा कॅल्शियम साचून कठीण झालेले असते. पलीकडची वाट क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही. जॉन सिम्पसन यांनी नळीतून स्वतंत्रपणे पुढेमागे नेता येणारी तार वापरात आणली आणि हा प्रश्न सुटण्याची दिशा मिळाली. पुढे कठीण टोकाच्या तारा तयार झाल्या. शेजारच्या धमनीकडून येणाऱ्या सूक्ष्म जोडवाहिन्यांमधून उलट दिशेने अडथळ्यापर्यंत पोहोचण्याचे तंत्र जपानी डॉक्टरांनी प्रगत केले. फुगा काढल्यावर धमनी पुन्हा आकसण्याचे प्रमाण १९८६पासून वापरात आलेल्या स्टेंटमुळे कमी झाले.

मृत्यू आणि वारसा

२७ ऑक्टोबर, १९८५ रोजी स्वतःचे छोटे विमान चालवत असताना झालेल्या अपघातात ग्रुंट्झिग आणि त्यांची दुसरी पत्नी मार्गारेट ॲन यांचा मृत्यू झाला. स्टेंटचा मानवातील पहिला वापर त्यानंतर काही महिन्यांतच झाला. भारतात ही पद्धत रुजवणारे मॅथ्यू सॅम्युअल कलरिक्कल यांनी ग्रुंट्झिग यांच्याकडे प्रशिक्षण घेतले होते. आज अँजिओप्लास्टी महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही समाविष्ट आहे.