तळ्याकाठचे दिवस

मे महिना लागला की आपल्याकडे ट्रंका-पिशव्या भरायची घाई सुरू होते. कुणी आजोळी जातं, कुणी कोकणात. तिथं विहिरीत पोहायला शिकवणारा मामा असतो, कैऱ्या पाडायला शिकवणारे आजोबा असतात. ती सुटी संपते, पण माणसाच्या मनातून आयुष्यभर जात नाही. एका जगप्रसिद्ध लेखकाच्या बाबतीत असंच घडलं. त्याच्या सुटीची गोष्ट गोड आहे, तशीच कडूही आहे.

कॉलेजात असताना मी पु. ल. देशपांडे यांचं 'एका कोळियाने' वाचलं. 'द ओल्ड मॅन अँड द सी' या १९५२ सालच्या कादंबरीचा तो अनुवाद. तेव्हापासून अर्नेस्ट हेमिंग्वे म्हणजे समुद्र, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो तेव्हा कळलं, की या माणसानं पहिला गळ टाकला तो समुद्रात नव्हे, तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यात. आणि गळ त्याच्या हाती दिला तो वडिलांनी.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. वडील क्लॅरेन्स डॉक्टर, आई ग्रेस गायिका आणि संगीतशिक्षिका. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात वालून नावाचं तळं आहे. त्याच्या काठी या दांपत्यानं जागा घेतली आणि लहानसं लाकडी घर बांधलं. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध सरोवराच्या नावावरून आईनं घराला 'विंडमिअर' नाव दिलं. घरात वीज नव्हती, संध्याकाळी रॉकेलचे दिवे लागत. दर उन्हाळ्यात हे कुटुंब शिकागोहून बोटीनं मिशिगन सरोवर ओलांडायचं, पुढे आगगाडी आणि शेवटी छोट्या बोटीतून घराचा धक्का. पहिल्या खेपेला अर्नेस्ट अवघ्या काही आठवड्यांचा होता!

पुढे भावंडं सहा झाली. डॉक्टरसाहेब शहरात कडक शिस्तीचे. तळ्यावर आले की मात्र त्यांची कळी खुलायची. गळाला आमिष कसं लावायचं, मासा साफ कसा करायचा, रानात चूल कशी पेटवायची, हे त्यांनी पोराला हाताला धरून शिकवलं. खाणार नसाल तर मारू नका, हा त्यांचा दंडक. एकदा अर्नेस्टनं आणि त्याच्या मित्रानं उगाच एक साळिंदर मारलं. वडिलांनी ते दोघांना शिजवून खायला लावलं! १९१५ साली त्यानं कायद्यानं बंदी असलेला निळा बगळा मारला, तेव्हा पळून न जाता न्यायाधीशापुढे उभं राहायचा सल्लाही त्यांचाच. दंड झाला १५ डॉलर.

मग पहिलं महायुद्ध आलं. जुलै १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर रेड क्रॉसचं काम करताना हेमिंग्वे जबर जखमी झाला. परतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर तो आणखी उत्तरेला, फॉक्स नदीवर ट्राउट मासे पकडायला गेला. त्या सफरीतून पुढे 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही त्याची गाजलेली कथा आली. युद्धातून परतलेला एक तरुण एकटाच मासे पकडतो. युद्धाचा उल्लेखही नाही, पण ते दुखणं ओळीओळीत जाणवतं.

घरच्यांना मात्र कामधंदा न करता तळ्यावर दिवस काढणारा मुलगा खुपू लागला. १९२० च्या जुलैत धाकट्या बहिणी आणि शेजारची मुलं घरच्यांना न विचारता मध्यरात्रीच्या सहलीला गेली. अर्नेस्टही बरोबर होता. आईनं कठोर शब्दांचं पत्र हातात देऊन त्याला घराबाहेर काढलं. वडिलांनी तिचीच बाजू घेतली. एकविसावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पुढच्या वर्षी ३ सप्टेंबरला तळ्याजवळच्या हॉर्टन बे इथं त्याचं हॅडली रिचर्डसनशी लग्न झालं, आणि मधुचंद्र झाला त्याच विंडमिअरमध्ये. त्यानंतर तो पॅरिसला गेला. तळ्याकडे मग तो फारसा फिरकलाच नाही.

पण लिहायला बसला की तळंच समोर यायचं. वडिलांना त्याचं लेखन झेपत नव्हतं. १९२४ साली पॅरिसमध्ये निघालेल्या छोट्या पुस्तकाच्या प्रती त्यांनी चक्क परत पाठवल्या. तळ्याकाठच्या डॉक्टरची एक कथा मात्र त्यांना आवडली. त्या कथेतला डॉक्टर दुबळा आहे, भांडणातून माघार घेणारा आहे. तरी आपलं तळं, आपली माणसं त्यांनी त्यात ओळखली.

६ डिसेंबर १९२८ रोजी आजार आणि पैशांची विवंचना यांनी खचलेल्या वडिलांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्या घावातून हेमिंग्वे सावरला असं म्हणवत नाही. १९५४ साली नोबेल मिळालं, कीर्ती जगभर झाली, आणि २ जुलै १९६१ रोजी त्यानंही वडिलांचीच वाट धरली. विंडमिअर पुढे बहीण मॅडलेनकडे गेलं. १९६८ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

१९३३ सालच्या 'फादर्स अँड सन्स' या कथेत एक बाप मोटारीतून मुलाबरोबर चालला आहे. मासेमारी आणि शिकार शिकवल्याबद्दल आपल्या वडिलांचं ऋण तो मनोमन मानतो. बाकीच्या गोष्टींबद्दलचा राग अजून गेलेला नाही. आजोबांच्या थडग्याला आपण कधीच का जात नाही, असं मुलगा विचारतो. बापाला जायचं कबूल करावं लागतं.

ही कथा वाचल्यावर मी 'एका कोळियाने' पुन्हा काढलं. इतक्या वर्षांत मला त्यात म्हातारा आणि त्याचा मासा एवढंच दिसलं होतं. या वेळी तो पोरगा दिसला. पाच वर्षांचा असताना म्हाताऱ्यानं त्याला पहिल्यांदा नावेत घेतलं होतं, मासे पकडायला शिकवलं होतं. आता आईबाप जाऊ देत नाहीत, तरी म्हाताऱ्याच्या खोपटात तोच त्याच्यासाठी कॉफी घेऊन येतो, त्याचे सोललेले हात बघून रडतो. समुद्र क्यूबाचा खरा. पण नावेत शेजारी बसून गळ धरायला शिकवणारं ते मोठं माणूस हेमिंग्वेला वालून तळ्यावरच भेटलं होतं.