आंबटपणाचे माप : सोरेनसेन ह्यांचे चरित्र

मातीवाचून केवळ पाण्यात भाजीपाला वाढविण्याची विद्या हल्ली आपल्या शहरांतून पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. गच्चीवर नळ्या मांडाव्यात, क्षार विरघळविलेले पाणी त्यांतून खेळते ठेवावे, आणि त्यावर पालक, कोथिंबीर व सॅलडची पाने वाढवावीत, असा हा उद्योग आहे. त्याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. हा उद्योग करणाऱ्याच्या हाती पीएच मीटर नावाचे एक लहानसे यंत्र असते. ते पाण्यात बुडविले की त्यावर ६.१ किंवा ७.४ असा एखादा आकडा उमटतो, आणि त्यावर विसंबून मनुष्य पाण्यात आम्ल किंवा अल्क घालतो. आकडा खरा असेल तर पीक साधते. खोटा असेल तर मेहनत, खत व पैसा ही तिन्ही वाया जातात. हे माप ज्यांनी जगास दिले, त्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या आईबापांनीही वाचण्याजोगे आहे. कारण त्यांनी नुसते माप दिले नाही, तर माप पारखून कसे घ्यावे हेही शिकविले.

सोरेन पेडर लाउरिट्स सोरेनसेन ह्यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्क देशातील हाव्रेब्येर्ग ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील शेतकरी होते. अठराव्या वर्षी सोरेनसेन कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाले. आरंभी त्यांचा विचार वैद्यक शिकण्याचा होता. परंतु तेथे सोफुस योर्गेनसेन नावाचे रसायनशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. त्यांच्या सहवासात ह्या तरुणाचे मन रसायनशास्त्राकडे वळले, ते कायमचेच. विद्यार्थिदशेतच त्यांना शास्त्रीय निबंधांबद्दल सुवर्णपदके मिळाली. पुढे पॉलिटेक्निक संस्थेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले, व त्याच काळात सरकारी आरमाराच्या गोदीस ते रसायनविषयक सल्लाही देत असत. १८९९ साली कोबाल्ट धातूच्या संयुगांवरील प्रबंधाबद्दल त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. येथवरचे त्यांचे आयुष्य एखाद्या कष्टाळू व हुशार विद्वानाचे होते. त्यांचे नाव जगभर व्हावे असे अद्याप काही घडले नव्हते.

कोपनहेगनजवळ कार्ल्सबर्ग नावाचा बिअर ह्या मद्याचा प्रसिद्ध कारखाना होता. शाळेच्या अंकात मद्याच्या कारखान्याचे नाव यावे हे कोणास विचित्र वाटेल. परंतु त्याचे संस्थापक याकोबसेन ह्यांनी १८७५ साली कारखान्यास जोडून जी प्रयोगशाळा स्थापन केली, तिने शास्त्राची मोठी सेवा केली आहे. तेथे लागणारे शोध गुप्त न ठेवता सर्व जगासाठी प्रसिद्ध करावेत, असा याकोबसेन ह्यांनी दंडक घालून दिला होता. ह्या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख केल्डाल हे १९०० साली वारले. पदार्थांतील नायट्रोजन मोजण्याच्या पद्धतीमुळे त्यांचे नाव आजही सर्व प्रयोगशाळांतून घेतले जाते. अशा मनुष्याच्या जागी १९०१ साली तेहेतीस वर्षांच्या सोरेनसेन ह्यांची नेमणूक झाली.

नव्या जागी त्यांनी प्रथिने व एन्झाइमे ह्यांचा अभ्यास हाती घेतला. एन्झाइमे म्हणजे सजीवांच्या शरीरातील असे पदार्थ की, जे स्वतः न संपता इतर पदार्थांत फेरफार घडवून आणतात. आपल्या जठरातील पेप्सिन अन्नातील प्रथिने पचविते, ते ह्याच जातीचे. ही एन्झाइमे फार नाजूक असतात. द्रावण थोडे अधिक आंबट झाले की एखादे जोराने काम करू लागते, तर दुसरे थंडावते. म्हणून प्रयोग करताना द्रावणाचा आंबटपणा नेमका किती, हे कळणे अगत्याचे होते. आणि अडचण येथेच होती.

त्या काळी आम्लाचे माप करण्याची रूढ रीत अशी होती की, आम्लात थेंब थेंब अल्क घालीत जावे, व ते उदासीन होण्यास किती अल्क लागले ते पाहावे. ह्या रीतीने द्रावणात एकूण आम्ल किती आहे ते कळते, पण त्या घटकेला त्याचा जोर किती आहे ते कळत नाही. उदाहरणार्थ, हायड्रोक्लोरिक आम्ल व शिरक्यातील अ‍ॅसेटिक आम्ल ह्यांची सारख्याच प्रमाणाची सौम्य द्रावणे घ्या. दोहोंस अल्क सारखेच लागेल. तथापि आंबटपणाचा जोर ज्यांमुळे येतो ते हायड्रोजनचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, पहिल्यात दुसऱ्याच्या कित्येक पटींनी अधिक मोकळे असतात. दशांश प्रमाणाच्या द्रावणात हा फरक सुमारे पाऊणशे पट भरतो. एन्झाइमाला जाणवतात ते हे मोकळे आयन. तेव्हा मोजायचे ते हेच, असे सोरेनसेन ह्यांनी ठरविले.

मोजण्याचे साधन अगदीच नवीन नव्हते. काळ्या प्लॅटिनमचा थर दिलेला पत्रा द्रावणात ठेवून त्यावरून हायड्रोजन वायू सोडला असता विजेचा जो दाब उत्पन्न होतो, तो आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, हे पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी दाखविले होते. परंतु येणारी उत्तरे फार अवजड असत. शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण लिटरला एक ग्रॅमचा सुमारे एककोट्यांश. इतकी शून्ये कागदावर लिहावी कशी, आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करावी कशी? १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात सोरेनसेन ह्यांनी ह्यावर सोपी युक्ती सांगितली. एककोट्यांश म्हणजे दहाचा उणे सातवा घात. तर त्यातील उणे चिन्ह व दहा हे दोन्ही सोडून द्यावेत आणि नुसते ७ म्हणावे. हाच पीएच. ७ म्हणजे उदासीन. त्याहून कमी ते आम्लधर्मी, अधिक ते अल्कधर्मी. एक अंक उतरला की जोर दहापट वाढला, दोन उतरले की शंभरपट, हे मात्र विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावे. ६ आणि ५ ह्यांत एकाचाच फरक दिसतो. झाडाच्या मुळास तो दहापट असतो. ह्या नावातील पी हे अक्षर कोणत्या शब्दावरून घेतले, ह्याविषयी विद्वानांत अद्यापि वाद चालू आहे. सोरेनसेन ह्यांनी त्याचा खुलासा करून ठेवलेला नाही.

पुष्कळ पुस्तकांत त्यांची हकीकत येथेच संपते. परंतु आमच्या मते त्या निबंधाचा अधिक मोलाचा भाग ह्यापुढे आहे. हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने केलेले माप खात्रीचे, पण काम मोठे किचकट व सावकाश चालणारे. रोजच्या कामासाठी सोपी रीत म्हणजे आंबटपणाप्रमाणे रंग पालटणारी द्रव्ये वापरण्याची. पण रंगावर विश्वास कसा ठेवावा? सोरेनसेन ह्यांनी पुष्कळशी रंगद्रव्ये एकेक करून इलेक्ट्रोडच्या मापाशी ताडून पाहिली. द्रावणात मीठ किंवा प्रथिने असली की कित्येक रंगद्रव्ये फसवितात, असे त्यांस आढळले. जी फसवीत होती ती त्यांनी वगळली, व खरी उतरली त्यांचीच शिफारस केली. शिवाय ज्यांचा पीएच ठाम ठरलेला आहे व जो सहसा ढळत नाही, अशी द्रावणे कशी तयार करावीत तेही त्यांनी सांगितले. ह्यांस बफर द्रावणे म्हणतात. दुकानदारास जसे छाप मारलेले वजन, तसे प्रयोगशाळेस हे बफर. तराजू कोणाचाही असो, त्यात प्रमाण वजन घालून पाहिल्यावाचून त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी आंबटपणाच्या मापास लावून दिले.

निबंधाचा प्रसार त्वरेने झाला. जर्मनीत मिखाएलिस ह्यांनी १९१४ साली ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि वैद्यक, शेती, कातडी कमावणे, साखर, पाणीपुरवठा अशा अनेक धंद्यांत पीएच हा शब्द रूढ झाला. इतके यश मिळाल्यावर दुसरा कोणी समाधान मानून बसला असता. पण मोकळ्या आयनांची संख्या व त्यांचे प्रत्यक्ष कार्य ह्या दोन गोष्टी तंतोतंत एक नव्हेत, आणि इलेक्ट्रोड मोजतो ते कार्य, असे नव्या संशोधनावरून दिसून आले. तेव्हा १९२४ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, आपले तरुण सहकारी लिंडरस्ट्रोम-लांग ह्यांच्यासह सोरेनसेन ह्यांनी आपल्याच व्याख्येत दुरुस्ती सुचविली. ज्या मापामुळे कीर्ती झाली, त्यातील उणीव स्वतः पुढे होऊन सांगणारे लोक थोडेच असतात.

त्यांच्या पत्नी मार्ग्रेथ ह्याही प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर प्रथिनांवर काम करीत. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनाचे शुद्ध स्फटिक बनवून त्यांचे गुणधर्म मोजण्याचे त्यांचे कामही विद्वानांत मान्य झाले. नोबेल पारितोषिक मात्र सोरेनसेन ह्यांच्या वाट्यास आले नाही. १९३८ पर्यंत त्यांनी विभागाचा कारभार पाहिला, आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले. त्यांच्या मागे ती जागा लिंडरस्ट्रोम-लांग ह्यांसच मिळाली.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या मापाला नवे हत्यार मिळाले होते. पातळ काचेच्या फुग्यावर आंबटपणाप्रमाणे विजेचा दाब पालटतो, हे जर्मनीत क्रेमर ह्यांस १९०६ साली आढळले, आणि १९०९ साली हाबर व क्लेमेन्सिएविच ह्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. हा दाब मोजणे फार अवघड होते. १९३४ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात लिंबाच्या रसावर काम करणाऱ्या एका रसायनज्ञास आपल्या रसाचा पीएच मोजता येईना; कारण रसात घातलेल्या गंधकाच्या वायूमुळे रंगद्रव्ये व प्लॅटिनम दोन्ही बिघडत. त्याने आपले जुने सहाध्यायी अर्नोल्ड बेकमन ह्यांस गाठले, आणि बेकमन ह्यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला विद्युत्‌नलिकांची जोड देऊन एक मजबूत यंत्र बनवून दिले. हल्लीचे खिशातले पीएच मीटर त्याच घराण्यातले होय. ह्याच प्रांतात गेरिक ह्यांनी १९२९ पासून पाण्यावर टोमॅटो वाढवून दाखविले, व १९३७ साली हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. अशा रीतीने पाण्यावरची शेती व तिला लागणारे माप ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी व एकाच प्रांतात पुढे आली.

मातीत आंबटपणाचा फेरफार सावरून धरण्याची शक्ती असते. नुसत्या पाण्यात ती फार थोडी. पालेभाज्यांस साधारणपणे ५.५ ते ६.५ पीएच मानवतो. तो ७ च्या वर गेला की लोह व फॉस्फेट साक्याच्या रूपाने खाली बसतात. मग खत भरपूर असूनही कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मीटर जर एका अंकाने खोटे दाखवीत असेल, तर बागवान लोह कमी पडले असे समजून आणखी लोह घालतो, आणि रोग मुळीच हटत नाही.

म्हणून ज्या पालकांस मुलांसाठी असे मीटर घ्यावयाचे असेल, त्यांनी सोरेनसेन ह्यांची रीत स्मरावी. दोन दशांश स्थळे दाखविणारे मीटर तेवढ्यानेच खरे ठरत नाही. ७ व ४ अशा दोन बफरांवर जुळविता येईल असे मीटर घ्यावे. एकाच बफरावर जुळणारे मीटर त्या एका ठिकाणी खरे व इतरत्र खोटे असू शकते. जुळविल्यावर ६.८६ च्या तिसऱ्या बफरात बुडवून पाहावे. तेथेही अर्ध्या-एक मिनिटात योग्य आकडा स्थिर झाला तर यंत्र भरवशाचे. उष्णमानाप्रमाणे होणारा इलेक्ट्रोडचा फरक ते स्वतः भरून काढणारे असावे. काचेचा इलेक्ट्रोड वापराने म्हातारा होतो, म्हणून तो बदलता येईल असे यंत्र बरे. बफर जवळपास मिळतात की नाही, हेही खरेदीपूर्वी विचारावे. वापर झाल्यावर टोक स्वच्छ पाण्याने धुऊन पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओले ठेवावे; कोरडे ठेवू नये, व शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातही बुडवून ठेवू नये. एकदा वापरलेला बफर पुन्हा बाटलीत ओतू नये. आणि आठवड्यातून एकदा तरी बफराशी ताडून पाहण्याचा नेम मोडू नये.

हा शेवटचा नेम मुलांकडे सोपवावा, असे आम्ही सुचवितो. आपल्या हातातील आकडा खरा की खोटा हे दर आठवड्यास स्वतः तपासणारा मुलगा किंवा मुलगी पुढे कोणत्याही धंद्यात शिरो, ऐकीव गोष्टीवर किंवा यंत्राच्या झगमगाटावर भाळणार नाही. हाव्रेब्येर्गच्या शेतकऱ्याच्या मुलाने जगास जे शिकविले त्याचे सार हेच आहे.